मांगे कोण शे?

नाना मास्तरांवर मी जो विनोद केला तो तसा वाईट नव्हता. आज कुणी दुसऱ्याने तो सांगितला तर मीही हसेन. माझा गुन्हा तो नाही. "मग हे बोललं कोण?" असे नानांनी शिक्षकांच्या खोलीत माझ्यापासून चार हातांवर उभे राहून विचारले, आणि मी वेळापत्रकाचा पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिलो, हा माझा गुन्हा. त्या गप्प राहण्याने दोन माणसांची उभ्या जन्माची मैत्री तुटली. ती सांधायला मी एक वाक्य बोलायचे होते. ते वाक्य बोलायला मला बारा-तेरा वर्षे लागली.

पण नाना कोण होते हे आधी सांगितले पाहिजे. नाहीतर ही नुसती माझी रड होईल.

अमळनेरच्या एका मराठी शाळेत मी नवा शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा नाना सातवीला गणित शिकवीत. सातवी म्हणजे फायनलचे वर्ष. ती परीक्षा पास झालेल्या मुलाला तलाठ्याची, मास्तरकीची नोकरी मिळे, म्हणून त्या वर्गाकडे साऱ्या गावाचे डोळे असत. नानांचे खरे नाव लोटन. घरची शेती होती, भाऊ ती करीत, आणि हे एकटे शिकून मास्तर झालेले. उंच, हाडापेराने मोठे, अंगात जाड खादीचा सदरा, डोक्याला घट्ट न बसणारा फेटा. तो दिवसातून अनेकदा सुटे आणि नाना तो जागच्या जागी उभे राहून पुन्हा बांधीत. बांधताना बोलणे थांबवीत नसत, मात्र चालणे थांबवीत.

त्यांची ख्याती होती ती काळ, काम आणि वेग या गणितांसाठी. आणि गंमत अशी, की आमच्या गावात त्यांच्याइतका सावकाश माणूस दुसरा नव्हता. घरापासून शाळा हाकेच्या अंतरावर, पण नाना दिवस उगवताच निघत. वाटेत लोहाराच्या भात्यापाशी थांबत, कुणाच्या बैलाच्या खुराकडे वाकून बघत, बोरी नदीकडून घागरी घेऊन येणाऱ्या बायकांना वाट द्यायला बाजूला होत आणि मग तिथेच कुणाशी तरी बोलत. मधल्या सुट्टीत ते कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा खात. एक भाकरी संपेपर्यंत आमचे जेवण, पाणी, गप्पा सगळे उरकून जाई. हेडमास्तर म्हणत, "लोटन, तुझ्या भाकरीवर एक गणित घालायला हवं. एक घास इतक्या वेळात, तर पेन्शनीपर्यंत किती घास?"

नाना घास संपवून मग उत्तर देत. "घास मोजायचा नसतो केशव, चावायचा असतो."

हेडमास्तर केशवराव मूळचे धुळ्याचे. दोघे तिथल्या ट्रेनिंगच्या शाळेत एका खोलीत राहिलेले. केशवराव बारीक, चटपटीत, बोलण्याला तिखट. जेवणानंतर ते खिशातून अडकित्ता काढून सुपारी कातरीत आणि अर्धी नानांच्या हातावर ठेवीत. त्या सुपारीवर दोघांची रोजची थट्टा चाले. थट्टा करायचे केशवराव आणि ऐकून घ्यायचे नाना. तिसऱ्या कुणी नानांची थट्टा केली तर मात्र केशवराव त्याला सोडत नसत. हे मी पहिल्याच महिन्यात पाहिले होते. पाहिले होते, तरी शिकलो नाही.

नानांचा वर्ग म्हणजे एक तमाशाच असे. पुस्तकात लिहिलेले असे, 'दहा माणसे एक विहीर बारा दिवसांत खणतात.' नाना पुस्तक मिटून विचारीत, "कुठं खणतात?"

मुले ओरडत, "पारोळ्याच्या रस्त्याला!"

"खाली काय लागलं? मुरूम की कातळ?"

"मुरूम!"

"मुरूम लागला तर ठीक. पुस्तकवाल्याचं बरोबर. आता ही दहा माणसं कोण? नावं सांगा."

मग मुले आपल्या काकांची, मामांची, गल्लीतल्या माणसांची नावे सांगत. पुढे गणितात 'तीन माणसे काम सोडून गेली' असे आले की नाना हळहळत. "का गेली रे बिचारी?" एक मुलगा म्हणे, "एकाच्या सालीचं लग्न." दुसरा म्हणे, "एक रुसला." तिसरा म्हणे, "आणि एक मन्हा बाप, त्याले कामच नको व्हतं." वर्ग हसून लोळे. नानाही हसत, फेटा सुटे, तो बांधला जाई, आणि मग कुठे खडू फळ्याला लागे.

मला हा प्रकार सहन होत नसे. मी सहावीला शिकवीत असे. माझी मुले सूत्राने गणित सोडवीत. दोघांच्या दिवसांचा गुणाकार करा, बेरजेने भागा, उत्तर तयार. मी बोट दाखवायचा अवकाश, मुलगा उत्तर फेकायचा. एकदा नाना माझ्या वर्गाच्या दारात उभे राहून हे बघत होते. मी मोठ्या ऐटीत विचारले, "कसं वाटलं नाना?"

"उत्तर बरोबर आहे रघुनाथभाऊ," ते म्हणाले. "पण त्या दोघा गड्यांची तुमच्या पोरांशी ओळख झाली नाही."

मला ते टोचून बोलणे वाटले. तसे ते नव्हते. त्यांना खरेच वाईट वाटले होते.

एकदा पुस्तकात आले, 'एक पुरुष दोन बायकांइतके काम करतो.' नाना बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मग मुलांना म्हणाले, "हे मला ठाऊक नाही. तुम्ही घरी आईला विचारून या. काम कापूस वेचायचं, असं सांगा." दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता गोंधळ. कुणाची आई हसली होती, कुणाची रागावली होती. एकाने उभे राहून सांगितले, "नाना, आई म्हणे, ते पुस्तक आन, चुल्हामा घालस." नाना म्हणाले, "परीक्षेत पुस्तकाचं लिहा, घरी आईचं ऐका. दोन्हीकडे नापास व्हायचं नाही."

त्यांची शिकवण्याची एक तऱ्हा मात्र थट्टेची नव्हती, आणि ती समजून घ्यायला मला सगळ्यात जास्त काळ लागला.

आमच्याकडे निंदणीला माणसे शेतात ओळीने बसतात. प्रत्येकाच्या वाट्याला जो पट्टा येतो ती त्याची पात. सगळे एकदम सुरू करतात, पण हात सगळ्यांचे सारखे नसतात. ज्याचा हात चपळ तो आधी बांधाला पोचतो. पोचला म्हणून तो बांधावर बसून राहत नाही. तो उलटा फिरतो आणि जो मागे राहिला आहे त्याची पात समोरून धरतो. एक इकडून, एक तिकडून, असे दोघे मध्ये भेटतात. मग सगळी ओळ एकत्र पुढच्या पातीला लागते.

नाना वर्गात हेच करीत. ज्याचे गणित आधी सुटे त्याने हात वर करायचा नाही. त्याने पाटी घेऊन मागे जायचे आणि ज्याचे अडले आहे त्याच्यासमोर बसायचे. त्याला गणित सांगायचे नाही. उत्तर धरून तिकडून उलटे यायचे, अडलेल्याने इकडून पुढे जायचे, आणि मध्ये कुठेतरी दोघांची गाठ पडायची. गाठ पडली की दोघांनाही असा आनंद होई, की वर्गात मध्येच "भेटला! भेटला!" अशा आरोळ्या उठत. पुढचे गणित घेण्याआधी नाना खडू खाली ठेवून सगळ्या वर्गावरून नजर फिरवीत आणि एरवीची शाळेतली भाषा सोडून आपल्या घरच्या बोलीत विचारीत, "मांगे कोण शे?"

मागे कोण आहे? बहुतेक वेळा झिपा असे. झिपरू नावाचा एक पोर, तेलाच्या घाण्यावर काम करणाऱ्या बापाचा. तो आपला आपणच हात वर करी. "मी शे नाना." त्यात त्याला लाज वाटत नसे, इतके ते रोजचे झाले होते. नाना म्हणत, "मग थांबू." आणि वर्ग थांबे.

आता त्यांचे दोषही सांगतो. या पद्धतीने वर्षअखेर नानांचे पुस्तक संपत नसे. शेवटचे दोन-तीन धडे राहत आणि हुशार मुलांच्या बापांना ते खटके. त्यांचे बोलणे अगदीच खोटे नव्हते. दुसरा दोष त्यांच्या रागाचा. नाना चिडत नसत, रुसत. एका न्हाव्याने त्यांची मिशी जरा जास्त कापली, तर त्याच्याशी ते किती वर्षे बोलले नाहीत याची गावात चर्चा होती. तो न्हावी रस्त्यात नमस्कार करी आणि नाना थांबून, फेटा बांधून, त्याच्याकडे न बघता पुढे जात. त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत. त्या म्हणायच्या, "यांचा राग चालतो यांच्यासारखाच. यायला उशीर, जायला त्याहून उशीर."

त्या वर्षी शिक्षणखात्याचे डिपुटी साहेब तपासणीला आले. केशवराव मुलांना ओळीत बसवायला बाहेर गेले होते आणि खोलीत साहेबांपाशी मी एकटा होतो. मी तरुण होतो. साहेबांच्या नजरेत भरावे अशी फार इच्छा होती. त्यांनी सहज विचारले, "सातवीचं गणित कुठवर आलं?"

सरळ उत्तर देता आले असते. मी म्हणालो, "साहेब, एक गणित सांगू? मी एक धडा चार दिवसांत शिकवतो. लोटन मास्तर तोच बारा दिवसांत. दोघे मिळून किती दिवसांत शिकवतील?"

साहेबांनी मनात हिशेब केला. "तीन."

"पाच, साहेब. नाना मदतीला आले की माझा एक दिवस त्यांची वाट बघण्यात जातो."

साहेब हसले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. मला केवढा अभिमान वाटला होता! तो आठवला की आज अंगावर काटा येतो.

नंतर सातवीच्या वर्गातून बाहेर पडताना साहेब नानांना म्हणाले, "काय मास्तर, तुम्ही मदतीला आलात की काम लांबतं म्हणे!" नानांना ते काही कळले नाही. साहेब हसले म्हणून तेही आदराने हसले. त्यांचे ते हसणे मी दारातून पाहिले.

परीक्षेला थोडे महिने राहिले असताना नानांच्या बदलीचा हुकूम आला. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, एकशिक्षकी शाळा. पेन्शनीला फार वर्षे उरली नव्हती. कारण काही दिलेले नव्हते, पण नानांच्या मनात साहेबांचे ते वाक्य हळूहळू, त्यांच्या चालीने, चालत आले आणि त्यांना भेटले. ते उठून शिक्षकांच्या खोलीत आले. केशवराव सुपारी कातरत होते. मी फळ्यावर वेळापत्रक लिहायला उभा होतो.

"केशव," नाना म्हणाले, "साहेबाला माझी मस्करी करून तू सांगितलं?"

"कसली मस्करी?"

"मी मदतीला आलो की काम लांबतं, अशी."

केशवरावांचा अडकित्ता थांबला. "मी नाही बोललो लोटन. तुझी शपथ."

"मग हे बोललं कोण? माझी असली मस्करी या शाळेत तुझ्याशिवाय कुणी करतं?"

मी फळा पुसला. तो आधीच पुसलेला होता. मला वाटले, आता केशवराव माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितले नाही. माझी शंकाच त्यांना आली नसावी. मी नवा, अदबीने वागणारा पोरगा. ते नानांकडेच बघत म्हणाले, "मी नाही, एवढं सांगतो. विश्वास ठेवायचा तर ठेव."

"खोटं बोलतोस तू," नाना म्हणाले. आल्याआल्या केशवरावांनी सवयीने हातावर ठेवलेली अर्धी सुपारी त्यांनी परत टेबलावर ठेवली, फेटा बांधला आणि गेले. त्यानंतर ते केशवरावांशी बोलले नाहीत. निरोपाच्या दिवशी सामानाची गाडी शाळेवरून गेली. केशवराव फाटकात उभे होते. नाना गाडीच्या मागे चालत होते. ते थांबले, फेटा बांधला, आणि पुढे गेले. मी खिडकीतून बघत होतो. तेव्हाही पळत जाऊन सांगता आले असते. गाडी काही वेगात नव्हती.

सातवीचा वर्ग माझ्याकडे आला. मी पुस्तक संपवले, परीक्षेच्या कितीतरी आधी संपवले. "समजलं?" असे मी विचारी आणि पुढच्या रांगेतून "हो" येई. झिपा पहिल्या दिवशी हात वर करून "मी शे" म्हणाला, तेव्हा मी म्हणालो, "मग घरी कर." नंतर त्याने हात वर केला नाही. त्या वर्षी पुढची मुले चांगल्या गुणांनी पास झाली आणि माझे कौतुक झाले. मागची नापास झाली. झिपा बापाबरोबर घाण्यावर गेला.

पुढे केशवराव पेन्शन घेऊन धुळ्याला गेले. मी त्याच शाळेचा हेडमास्तर झालो. माझे लग्न झाले, मुले झाली. त्या प्रसंगाबद्दल मी कुणाजवळ बोललो नाही. मनाला सांगत असे की आता फार उशीर झाला, आता उकरून काय उपयोग. उशीर झाला हे कारण मी इतकी वर्षे वापरले, की दर वर्षी ते जास्तच खरे होत गेले.

मग लढाईचे दिवस आले. रॉकेल मिळेना. एका सकाळी मी दुकानापुढच्या रांगेत उभा होतो. पुढे एक दणकट गडी होता. त्याची पाळी आली, त्याने डबा पुढे केला आणि दुकानदार माप घालणार तोच गडी मागे वळला. रांगेवरून नजर फिरवीत त्याने विचारले, "मांगे कोण शे?" शेवटी एक म्हातारी काठीवर भार देऊन उभी होती. त्याने जाऊन तिचा डबा आणला आणि आपल्या आधी भरून घेतला. रांगेत कुणीतरी म्हणाले, "काय रे, तुन्ही सासू लागस का?" तो म्हणाला, "सासू नही. आमना मास्तरनी सवय लावेल शे."

तो झिपा होता. त्याने मला ओळखले, वाकून नमस्कार केला. नानांची खबर त्याच्याकडे होती. पेन्शनीनंतर ते त्याच गावात राहिले होते. झिपा वर्षातून एकदा जाऊन येई. "चांगले आहेत," तो म्हणाला. "फक्त केशवराव हेडमास्तरांचं नाव काढू देत नाहीत. मी एकदा काढलं तर जेवले नाहीत. अक्का म्हणाल्या, सुपारी सोडली त्या दिवसापासून." मग तो सहजपणे म्हणाला, "केशवरावांना आता ऐकू येत नाही म्हणतात. जे बोलायचं ते दोघांनी लवकर बोलायला पाहिजे, नाही का गुरुजी?"

पुढच्या रविवारी मी निघालो.

नाना अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. केस पांढरेशुभ्र, फेटा तोच, तसाच सैल. मला पाहून खूप आनंदले. "अरे रघुनाथभाऊ! बसा बसा. अक्का, कोण आलंय बघ!" मी समोर बसलो आणि शेंगा फोडू लागलो. सवयीने भराभर. माझ्यापुढे दाण्यांचा ढीग झाला, त्यांच्यापुढे मूठभर. ते हसून म्हणाले, "तुमचा हात अजून चपळ आहे." ते ऐकून माझा हात थांबला आणि मी सगळे सांगितले. विनोद सांगितला, साहेबांचे हसणे सांगितले, फळा सांगितला. खाली बघून सांगितले.

नानांनी एक शेंग फोडली. दाणे काढले. टरफल बाजूला ठेवले. "तू बोलना व्हता?"

"हो नाना. मला क्षमा करा."

"केशव नही?"

"नाही. त्यांना काही ठाऊकच नव्हतं."

ते उठले, घरात गेले आणि दार लोटून घेतले. मी अंगणात तसाच बसलो. अक्का पाणी घेऊन आल्या. त्यांनी आतून सगळे ऐकले होते. माझ्याकडे जरा वेळ बघून त्या म्हणाल्या, "रुसनात. येतीन आते." मग स्वतः बसून शेंगा फोडू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मास्तर, आमची बदली झाली त्याचं मला काही नाही. इथली माणसं चांगली. पण हे माणूस रोज जेवल्यावर हात पुढे करतं. सवयीनं. सुपारीसाठी. आणि मग आपणच मागे घेतं."

ऊन कलायला आले तेव्हा नाना बाहेर आले. अंगात धुतलेला सदरा, हातात काठी. "चाल," ते म्हणाले.

"कुठे नाना?"

"धुळे. केशवकडे."

"नाना, मला आधी तुमची माफी..."

"मन्ही नंतर," ते म्हणाले. "आधी हे सांग. मांगे कोण शे?"

ते स्वतःच म्हणाले, "मी त्याला खोटारडा म्हटलं. तो तिथंच उभा राहिला असेल रे, इतकी वर्षं. त्या टेबलापाशी."

अक्कांनी त्यांना सकाळपर्यंत कसेबसे थांबवले.

अमळनेरहून धुळ्याला जाणारी मोटार त्या दिवसांत कोळशाच्या गॅसवर चालत असे. चढ आला की तिचा दम जाई आणि उतारूंना उतरून ढकलावे लागे. एका चढावर आम्ही सगळे उतरलो. नानांना बसून राहा म्हटले तर ऐकेनात. एक हात मोटारीला लावून चालू लागले. एक व्यापारी चिडून म्हणाला, "बाबा, तुमच्या हातानं काय होणार? उगाच मध्ये येता." मी त्या माणसाकडे पाहिले. तो माझ्याच तोंडाने बोलत होता. नाना मात्र माझ्याकडे वळून म्हणाले, "रघुनाथभाऊ, दहा माणसं ढकलतात आणि एक म्हातारा नुसता हात लावतो. कधी पोचेल?"

"सांगता येणार नाही नाना."

"बरोबर," ते म्हणाले. "माणसं बघावी लागतात."

धुळ्यात केशवराव एका गल्लीत, मुलाच्या घरी राहत. आम्ही गेलो तेव्हा ते ओट्यावर बसून लहानशा खलबत्त्यात सुपारी कुटत होते. दात गेले होते. अडकित्ता जवळच पडला होता. त्यांनी मान वर केली. नानांना पाहिले आणि हातातला बत्ता तसाच धरून राहिले. नाना ओट्यापुढे उभे राहिले. फेटा सुटला होता, पण त्यांनी तो बांधला नाही.

शेवटी केशवरावांनी कुटलेली सुपारी चिमटीत घेऊन हात पुढे केला. नानांनी तळहात पसरला. सुपारी हातावर पडली, पण त्यांनी ती तोंडात टाकली नाही. माझ्याकडे बघितले.

मी पुढे होऊन खालच्या आवाजात म्हणालो, "केशवराव, तो विनोद मी केला होता."

"कोण गोविंदा?" केशवराव म्हणाले. "कोणत्या वर्गातला?"

"विनोद! मी केला होता!"

"जोरात बोल रे. हा कान गेला, तो अर्धा आहे."

गल्लीत बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. समोरच्या ओट्यावरचे दोघे म्हातारे पत्ते खाली ठेवून बघत होते. जे वाक्य मी इतकी वर्षे स्वतःशीसुद्धा कुजबुजत बोललो होतो ते मला भर गल्लीत ओरडून सांगायचे होते. नाना म्हणाले, "सांग. ऐकू नाही गेलं त्याले."

मी ओरडलो, "साहेबांपाशी नानांची मस्करी मी केली! नानांनी विचारलं तेव्हा मी तिथंच उभा होतो आणि गप्प बसलो! तुम्ही खोटं बोलला नव्हता!"

हे मात्र त्यांना ऐकू गेले. त्यांची नजर माझ्यावरून हळूहळू नानांकडे गेली. नाना काहीतरी बोलले. ओठ हलले, पण आवाज मलाही नीट ऐकू आला नाही.

"काय म्हणतो हा?" केशवरावांनी कानामागे हात धरून मला विचारले.

नानांनी पुन्हा बोलायचा प्रयत्न केला. आवाज फुटेना. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मला कळले की त्यांची पात मध्येच अडली आहे. मी समोरून ती धरली.

"नाना म्हणतात, माझं चुकलं केशव!" मी गल्लीला ऐकू जाईल असे ओरडलो. "पण त्यांचं नाही चुकलं! चूक माझी होती, सगळी माझी! दोघांनीही मला माफ करा!"